हिरवं पॅनल

गाडी बायकोची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणालाही एकच प्रश्न पडेल की, या माणसाला तिच्या गाडीत हात घालायला सांगितलं कुणी? कुणीच नाही.

आम्ही खुटबावला राहतो. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात शिफ्टला आहे. बायको शिरूरला एका लहान दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं सकाळी लॅबच्या पायरीवर बसलेली असतात. त्यात म्हातारी असतात, शुगरवाले असतात, चक्कर येणारे असतात. त्यामुळं तिला उशीर चालत नाही. बरीच वर्षं ती चौफुल्यापर्यंत मिळेल त्या वाहनानं आणि तिथून शिरूरच्या एसटीनं गेली. मग एक दिवस तिनं स्वतःच्या पगारातून जुनी डिझेल गाडी घेतली आणि चाळिशी ओलांडल्यावर ती चालवायला शिकली. शिकताना तिनं गावाबाहेरच्या माळावर किती वेळा गाडी बंद पाडली याची आठवण गावातल्या रिकाम्या लोकांना अजून आहे. पण एकदा हात बसल्यावर तिनं मागं वळून पाहिलं नाही. म्हणजे आरशात पाहायची, माझ्यासारखी नाही.

दिवाळीनंतर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की पारगावचा पूल ओलांडल्यापासून न्हावऱ्यापर्यंत रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा होतो. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेली उसाच्या शेंड्यांची वाढी, आणि शेजारून विमान गेलं तरी ड्रायव्हरला ऐकू येणार नाही इतक्या आवाजात लावलेली गाणी. एका सुट्टीच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसून शिरूरला निघालो होतो. ती एका ट्रॉलीमागं शांतपणे चालली होती. माझा जीव वरखाली.

“काढ की. रस्ता मोकळा हाय. काढ की!”

“गाडी जरा दमानं उचलती,” ती म्हणाली. “सवय झालीया मला. पुढं वळण संपलं की काढीन.”

यात तक्रार नव्हती. मला मात्र ती ऐकू आली. आपल्या बायकोची गाडी दमानं उचलते आणि आपण नुसते बघत बसतो, म्हणजे काय? माझ्या कामालाच ट्यूनिंग म्हणतात. प्लांटमध्ये दाब वाढला की कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती घाईनं उघडायचा, हे मी बसवून देतो. व्हॉल्व्ह धडाधड उघडमीट करायला लागला की मला बोलावतात. मी दोन-तीन आकडे बदलतो, तो गप होतो, आणि मी पेन खिशाला लावून असा चालत निघतो की बघणाऱ्याला वाटावं रिॲक्टर मीच शोधून काढला. असल्या माणसाला चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे काय, छोटा प्लांट!

तिची गाडी टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, जादा हवेबरोबर जादा डिझेल जळतं आणि गाडी पळते. हवा किती नि डिझेल किती याचा हिशेब गाडीतला कॉम्प्युटर करतो. तो हिशेब बदलून देणारे लोक असतात. त्याला मॅप टाकणं म्हणतात. शिरूरच्या बायपासजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप घेऊन बसणारा असा एक गडी मला मोबाईलवर सापडला. माझ्या सुट्टीच्या दिवशी बायकोला लॅबवर सोडलं आणि गाडी थेट त्याच्याकडं नेली.

त्यानं स्टिअरिंगखाली वायर जोडली, काहीतरी चढवलं, आणि आम्ही नगरच्या हायवेला चक्कर मारायला गेलो. पायाखाली गाडी आधी जरा थबकली आणि मग अशी उसळली की पाठ सीटला चिकटली. मी मोठ्यानं हसलो. पोटाचा घेर सुटलेला, बीपीची गोळी चालू असलेला माणूस बायकोच्या गाडीत बसून खिदळत होता. मॅपवाल्याला याची सवय असावी, तो लॅपटॉपमध्येच बघत होता.

संध्याकाळी तिला आणायला गेलो तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

“मला इचारलं का?” ती म्हणाली.

“अगं, सरप्राइज!”

“आम्ही रक्त घेताना पेशंटला सरप्राइज देत न्हाई.”

घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. आबांची उभी नोकरी दौंडला रेल्वेत, डिझेल इंजिनांवर गेली. मी त्यांच्यासमोर मुद्दाम ॲक्सिलरेटर दाबला. मागून काळा धूर निघाला आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडावर बसला. आबांचे डोळे चमकले.

“आता आला इंजनात जीव!” ते म्हणाले. “आमची इंजनं घाट चढताना आशीच वकायची.”

काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे मला माहीत होतं. कंपनीच्या बॉयलरच्या चिमणीतून असा धूर निघाला असता तर मीच आरडाओरड केली असती. पण आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचं कौतुक केलं होतं, ते मी कशाला पुसू?

पहिल्या आठवड्यातच बायको म्हणाली, “गाडी धापा टाकती आन् मग एकदम पळती. मधीच कवातरी जीव सोडती. पिवळा दिवा लागतो, मग किती बी दाबा, बैलगाडीवानी चालती. बंद करून चालू केली की परत बरी.”

इतकं नेमकं वर्णन आमच्या प्लांटमध्ये कुणा ऑपरेटरनं केलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. बायकोनं केलं म्हणून मी म्हणालो, “तू गियर कवा टाकतीस?”

आता पिवळ्या दिव्याचं सांगायला हवं, कारण खरी करामत तिथं आहे. आमच्या कंपनीत एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. पुढच्या शिफ्टला पॅनल हिरवं द्यायचं. शिफ्ट संपायला आली की स्क्रीनवर जे पिवळे-तांबडे अलार्म असतील ते सगळे रिसेट करायचे, म्हणजे येणाऱ्याला सगळं हिरवं दिसतं, तो सही करतो आणि आपण बसला पळतो. खरा बिघाड असेल तर अलार्म परत येईल आणि त्याचं तो बघेल. रोज उठून येणाऱ्या अलार्मला तर आमच्याकडं न्युसन्स अलार्म असं नावच आहे. म्हणजे उगाच भुंकणारं कुत्रं. त्याला हाड म्हणायचं आणि पुढं जायचं.

मी एक छोटं यंत्र आणलं होतं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीचे अलार्म मोबाईलवर दिसतात. ॲप फुकटातलं होतं. ते नुसतं सांगायचं की एक दोष आढळला. कुठला, ते बघायचं तर पैसे भरा. दोष पुसून टाकणं मात्र फुकट होतं. या ॲपवाल्यांना माणसाची जात बरोबर कळलेली आहे. मी रोज सकाळी तिच्या आधी उठून गाडीत जाऊन बसायचो, मोबाईल जोडायचो, दोष पुसायचो, पिवळा दिवा जायचा, आणि मी गाडी चालू करून ठेवायचो. ती बॅग घेऊन बाहेर यायची तेव्हा समोर दिवा नाही, काही नाही. शिफ्ट हिरवी. सकाळी सकाळी तिला त्या दिव्याची धास्ती नको, एवढाच माझा हेतू होता. हेतू खरोखर चांगला होता. माझ्या बाबतीत नेहमी तेवढीच एक गोष्ट चांगली असते.

तरी एका सुट्टीच्या दिवशी मी गाडी चौफुल्याच्या मिस्त्रीला दाखवली. निघायच्या आधी, सवयीप्रमाणं, दोष पुसला. घरात पाहुणे येणार म्हटल्यावर आपण केर काढतो, तसं. मिस्त्रीनं आपला मोठा स्कॅनर लावला. कोरा. एक चक्कर मारून आला. गाडी व्यवस्थित.

“काय न्हाई ओ हिच्यात,” तो म्हणाला. “म्याडमना म्हणावं हाफ क्लच जरा कमी. बायांचा पाय क्लचवरच आसतो. आन् एक लिंबू-मिरची बांधा म्होरं.”

लिंबू-मिरची आमच्या घरात चालत नाही. माझ्या आज्यानं बाबासाहेबांचं ऐकून असलं सगळं घराबाहेर काढलं, ते परत आत आलेलं नाही. मिस्त्रीला मी तसं जरा ताठ मानेनं सांगितलं. रोज सकाळी मोबाईल घेऊन मी गाडीत जे करत होतो ते लिंबू-मिरचीपेक्षा फार वेगळं नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. हाफ क्लच मात्र मी घरी घेऊन आलो. आबांनी लगेच री ओढली. मग तिनं गाडीबद्दल काहीही सांगितलं की आम्ही दोघं बापलेक एका सुरात म्हणायचो, हाफ क्लच. ती आधी भांडायची. नंतर नुसती ऐकून घ्यायला लागली. आणखी काही दिवसांनी मला दिसलं की गाडीत बसल्यावर ती मान वाकवून स्वतःच्या डाव्या पायाकडं बघते आहे.

मग एका सकाळी न्हावऱ्याच्या अलीकडं ती ट्रॉली काढायला गेली. रस्ता मोकळा होता, अंतर भरपूर होतं. निम्मी ट्रॉली मागं पडली आणि गाडीनं जीव सोडला. समोरून एसटी येत होती. ती ब्रेक मारून कशीबशी परत ट्रॉलीच्या मागं आली. एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून काय ओरडला ते तिनं मला सांगितलं नाही. त्या दिवशीही ती लॅबला वेळेवर पोचली, सगळ्यांचं रक्त घेतलं, आणि संध्याकाळी घरी येऊन किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“मला न्हाई जमत,” ती म्हणाली. “वय झालं. पाय ऐकत न्हाई. उद्यापासनं एसटीनं जाते.”

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आसं आसतं, ओव्हरटेक करताना एक गियर खाली घ्यायचा आसतो.” हे वाक्य मला आजही आठवतं, आणि आठवलं की मी जिथं असेन तिथं डोळे मिटून घेतो.

ती परत अंधारात उठायला लागली, शेअर जीपसाठी फाट्यावर उभी राहायला लागली. गाडी अंगणात मोकळी. मग मी कंपनीची बस सोडून गाडीनं कुरकुंभला जायला लागलो. गाडी रिकामी ठेवली की बॅटरी उतरते, असं मी तिला सांगितलं. पहिल्या दिवशी दिवा एकदा पुसला, मग ते काम उरलं नाही, कारण आता शिफ्ट कुणाला द्यायचीच नव्हती. हायवे सरळ, मोकळा, गाडी छान पळायची. मी मनात म्हणायचो, बघ, पाय चांगला असला की गाडी चांगली.

आणि एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून येताना, चौफुल्याला हायवे सोडून गावच्या अरुंद रस्त्याला लागल्यावर, मी उसाची ट्रॉली काढायला गेलो. मधोमध आलो आणि पायाखालचं सगळं निघून गेलं. मी दाबतोय, पाय पार तळाला टेकलाय, आणि इंजिन नुसतं गुरगुरतंय. पिवळा दिवा. समोरून ट्रक. मी गियर खाली घेतला, ओव्हरटेक करताना घ्यायचा असतो तसा. काहीही झालं नाही. ट्रकवाल्यानंच गाडी डाव्या बाजूला मातीत उतरवली म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे.

कडेला थांबलो. खूप भीती वाटली होती. ती जरा ओसरली आणि तिच्या खाली आणखी वाईट काहीतरी होतं. हीच भीती पोटात घेऊन ती त्या दिवशी लॅबला गेली होती, दिवसभर लोकांच्या शिरा शोधत उभी राहिली होती, आणि घरी आल्यावर मी तिला गियर शिकवला होता. मला रडू आलं. ट्रॅक्टरवाला गाणी वाजवत शेजारून पुढं निघून गेला.

गाडी बंद-चालू करून मी तशीच, दिवा पेटता ठेवून, मिस्त्रीकडं नेली. त्यानं स्कॅनर लावला आणि या वेळी पडदा कोरा नव्हता.

“टर्बोचा दाब नको तेवढा वाढतोय,” तो म्हणाला. “वाढला की गाडी सोताच सोताला वाचवायला पावर तोडती. ह्यो काय आजचा रोग न्हाई. पण मागच्या टायमाला स्कॅनर कोरा कसा आला? पुसत कोण हुतं?”

मी गॅरेजच्या भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

घरी ती नुकतीच आली होती, पाय धूत होती. मी सगळं सांगितलं. ट्रॉली, ट्रक, स्कॅनर, ॲप. ती पायावर पाणी घालायची थांबली.

“रोज पुसत हुता?”

“रोज.”

“मी म्हणायचे, ह्यो माणूस थंडीत माझ्यासाठी गाडी गरम करून ठेवतोय. मला बरं वाटायचं.”

तिनं पाय पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि तिच्या कामाच्या आवाजात, म्हणजे जसं ती घाबरलेल्या पेशंटला हळूहळू समजावते तसं, म्हणाली, “आमच्याकडं पेशंट म्हणतो, मला त्रास होतोय. रिपोर्ट नॉर्मल येतो. तवा आम्ही पेशंटला खोटं पाडत न्हाई. परत रक्त घेतो. तुम्ही तर रक्तच सांडून टाकत हुता. आन् वर मला म्हणत हुता, तुझा पाय वाईट.”

“चुकलं माझं.”

“मला नगा सांगू. मला माहीत हुतं. आबांना सांगा. मिस्त्रीला सांगा.”

आबांना सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, “म्हंजी मी म्हनतच हुतो की एवढा काळा धूर बरा न्हवं.” मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. बेमालूम बाजू बदलण्याची ही कला मला वारसाहक्कानं मिळाली असती तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं. पण थोड्या वेळानं ते स्वतः उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि आत न बघता म्हणाले, “सूनबाई, तुमचं बरुबर हुतं.” आबांच्या तोंडून असलं वाक्य मी माझ्या आईच्या बाबतीतही कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघं शिरूरला त्या मॅपवाल्याकडं गेलो. गाडी मी चालवत होतो. ती शेजारी हाताची घडी घालून. त्यानं लॅपटॉप उघडला, खालीवर केलं आणि कबूल केलं की त्यानं टाकलेला मॅप याच इंजिनाच्या मोठ्या भावाचा होता, वेगळ्या टर्बोचा. जुना हिशेब त्यानं जपून ठेवला होता, एवढं नशीब.

“सगळं काढू नका,” माझ्या तोंडून निघून गेलं. “थोडी पावर राहू द्या.”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मॅपवाल्याला म्हणाली, “भाऊ, गाडी माझी हाय. हुती तशी करा.”

त्यानं केली. धूर थांबला. धाप लागून एकदम उसळणंही जवळजवळ थांबलं. पण परत येताना मी ट्रॉल्यांमागं हळू चालवत होतो तेव्हा शेजारी बसलेली ती म्हणाली, मधूनच एखादा बारीक झटका बसतोय. या वेळी मी वाद घातला नाही. पण वाद न घालणं आणि विश्वास ठेवणं यात फरक असतो, आणि मी अजून पहिल्याच पायरीवर होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडी चौफुल्याला नेली आणि आधी मिस्त्रीला पुसण्याचं सगळं कबूल केलं. मिस्त्री स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी, मी चालवतोय. दोन चकरा मारल्या. माझ्या हाताखाली गाडी शहाण्यासारखी चालली. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर हाफ क्लच परत उगवायला लागला होता. तेवढ्यात शिरूरची एसटी आली आणि तिच्यातून बायको उतरली. गॅरेज स्टॉपच्या समोरच आहे. रस्ता ओलांडून ती आली, आमचं काय चाललंय ते विचारलं, आणि बॅग मागच्या सीटवर टाकली.

“उतरा,” ती मला म्हणाली.

किल्ली माझ्यासमोर ठेवली त्या संध्याकाळनंतर ती पहिल्यांदाच स्टिअरिंगवर बसत होती. तिनं सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, आणि काही क्षण दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली. मी मागं बसलो होतो, तिची बॅग मांडीवर घेऊन. मला तिला धीर द्यावासा वाटला. सुदैवानं शब्द सापडले नाहीत.

ती केडगावच्या दिशेनं निघाली. रोज जशी चालवायची तशीच चालवली, हळूहळू पाय देत, मध्येच सोडत, परत देत. माझ्यासारखं एकदम दाबून नाही.

“आत्ता,” ती म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, “न्हाई, काय न्हाई…” आणि तेवढ्यात त्याच्या पडद्यावरचा आकडा उडाला. “थांबा थांबा. परत करा.”

तिनं परत केलं. “आत्ता.” परत आकडा मागून आला. तिला तळपायात आधी कळत होतं, यंत्राला नंतर. असं चार-दोन वेळा झाल्यावर मिस्त्री पडद्याकडं बघायचाच थांबला, तिच्याकडंच बघायला लागला.

गॅरेजवर येऊन त्यानं बॉनेट उघडलं. टर्बोला एक छोटी दांडी असते. दाब जास्त झाला की ती सरकते आणि जादाचा धूर परस्पर बाहेर सोडते. माझ्या कृपेनं निघालेल्या सगळ्या काजळीनं ती दांडी जाम झाली होती. हळूहळू दाब चढला की ती अडकायची आणि मग झटक्यानं सुटायची. मी एकदम दाबायचो, त्यामुळं माझ्या वेळी तिला अडकायला सवडच मिळत नव्हती. सोप्या भाषेत सांगायचं तर तो एक अडकणारा व्हॉल्व्ह होता. मी आयुष्यभर ज्याचा पगार खाल्ला तोच. मिस्त्रीनं फवारा मारला, घासली, हलवून हलवून मोकळी केली. हात पुसत तो तिच्यासमोर उभा राहिला.

“म्याडम, तवा मी बोललो ते…”

“लिंबू-मिरची सांगू नका आता कुणाला,” ती म्हणाली, आणि तिथून घरापर्यंत गाडी तिनंच आणली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीनं लॅबला गेली. मी अंगणात उभा राहिलो, गाडीत जाऊन बसलो नाही. पारगावच्या पुढं ट्रॉल्या होत्याच. कुठली काढली, कुठली नाही, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. वेळेवर पोचल्याचा मात्र फोन केला. एरवी कधी करत नाही.

मध्ये काही दिवस गेले. एका संध्याकाळी ती आली, ओढणी खुंटीला लावली आणि म्हणाली, “मागनं कसला तरी आवाज येतोय. खड्ड्यात गेली की. बारीक हाय.”

अजून उजेड होता. मी गेलो. डिकीतलं सगळं बाहेर काढलं, जॅक, पाना, स्टेपनी. मागचा भाग दाबून दाबून हलवला. आडवा होऊन खाली पाहिलं, सायलेन्सरला हात लावून भाजून घेतला. मग गाडी काढून स्टेशनकडच्या रस्त्यानं गेलो, गावातले यच्चयावत खड्डे शोधून त्यांतून घातली. कान टवकारून. काही नाही. परत आल्यावर आबांनी ओट्यावरून हात हलवला, “काय न्हाई तिच्यात.” मलाही काही ऐकू आलं नव्हतं. अगदी खरं सांगतो, काहीही नाही.

आत आलो. ती चहा टाकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मला दिसलं की ती वाट बघते आहे. भांडायच्या तयारीनं नाही. गप्प बसायच्या तयारीनं.

“मला न्हाई सापडला,” मी म्हणालो. “पण तू म्हणतीस म्हंजी येत आसंल. परवा माझी सेकंड शिफ्ट हाय. सकाळी मी शेजारी बसतो. आला की सांग, आत्ता म्हणून.”

तिनं गॅस बारीक केला.

“परवा चालंल,” ती म्हणाली. “तवर मी खड्डे चुकवत जाते.”